मधली खुर्ची

नियम साधा आहे : दुभाष्यानं 'तो म्हणतो' म्हणायचं नाही.
समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'.
वीस वर्षं झाली.
मी चोर झालेय, लाकडं वाहणारा ट्रकवाला झालेय,
एकदा तर विम्यासाठी स्वतःचं गोदाम जाळणारा,
आणि संध्याकाळी घरी येऊन बटाटे उकडलेत.

तार्तू. बालकल्याण कचेरी, दुसरा मजला.
मार्चातला मळका बर्फ सगळ्यांच्या बुटांखाली पाझरतोय.
पन्नास मिनिटं दिलीत.
मिल्वीबाई खिडकीशी, हातात हिरव्या शाईचं पेन.
डावीकडे एवेरार्दो, उरुग्वेतल्या साल्तो गावचा, पाण्याचे पंप दुरुस्त करतो.
तीन विमानं बदलली तरी सदऱ्याची इस्त्री मोडू दिलेली नाही.
उजवीकडे पिआ.
कागदावर ती पिलार आहे.
चार वर्षांची असताना आईबरोबर पंधरा दिवसांसाठी आजोळी आली,
परतीचं तिकीट काढलेलं होतं.
आता सात पूर्ण.

'मी तुझा बाबा,' मी म्हणाले.

आमच्या भाषेत तो नाही, ती नाही,
क्रियापदाला मिशी नाही की वेणी नाही,
त्यामुळे कुणाला खटकत नाही
की 'रोज सकाळी तुझ्या खोलीची खिडकी मी उघडतो'
हे साठीला टेकलेली, मूलबाळ नसलेली
एक बाई म्हणतेय.
मूल आवाजाकडे बघतं.
तो तिच्याकडे बघतो, ती माझ्याकडे,
मी टेबलावरच्या ओरखड्याकडे.

'आई म्हणते, तू दार तोडलंस.'
हे मी त्याला सांगितलं. जसंच्या तसं.
तो गप्प राहिला तेवढा वेळ मीही गप्प राहिले,
गप्प राहण्याचंही भाषांतर करावं लागतं.
मग म्हणाला, आणि मी म्हणाले,
'एकदा. हो. लाथ मारून.
तू आत होतीस हे मला माहीत होतं.'
खाली क्रिस्टेल गाडीत बसलीय, इंजिन चालू ठेवून.

निकालपत्र मीच उतरवलं होतं त्याच्यासाठी,
पानामागं ठरावीक दर घेऊन.
त्यात एक शब्द होता, जो स्पॅनिशमध्ये नीट बसेना :
मूल रुळलं आहे.
रुळायला बारा महिने पुरतात.
अर्ज चौदा महिने फिरला
या खात्यातून त्या खात्यात, दोन समुद्र आणि एक शिक्का कमी.
मी तीन पर्याय लिहून पाहिले. तिन्ही बरोबर होते.
तिन्ही वाचताना तो मान हलवत राहिला, एखाद्या पंपाचा आवाज ऐकावा तशी.

पिआनं तोंड उघडलं, तेव्हा खिंडार दिसलं, वरच्या ओळीत.
'कधी पडला?' 'रविवारी.'
'मग उशीखाली ठेवलास? आमच्याकडे उंदीर येतो,
दात नेतो, नाणं ठेवतो.'
'छे! दात स्टोव्हच्या मागं टाकायचा,
आणि उंदराला सांगायचं, हाडाचा घे, लोखंडाचा दे.'
तो हसला. मी हसायचं की नाही, हे नियमात नाही.
'लोखंडाचा? मग नाणं नाही?'
'नाणं कशाला?'
'इतक्या लांबून उंदीर येतो,' तो म्हणाला, मी म्हणाले,
पण उंदीर म्हणताना त्यानं बोटांनी टेबलावरून चालवलाही,
तिच्या कोपरापर्यंत, तिथं थांबवला.
मिल्वीबाईंनी काहीतरी लिहिलं.

पिआ बोटांकडे बघत होती. पहिल्यांदाच माझ्याकडे नाही.
'रातोन,' ती म्हणाली.

आतून कुठून तरी आला होता तो शब्द,
की आत्ताच त्याच्या तोंडून सांडलेला तिनं उचलला,
शपथेवर सांगता येणार नाही.
एवेरार्दो मात्र माझ्याकडे वळला,
स्वतःच्या कानांवर भरवसा नसल्यासारखा,
वाट बघत.

नियम साधा आहे.
'रातोन,' मी म्हणाले.

अजून अकरा मिनिटं उरली होती.